कोयत्याखाली गेलेलं सूप

माय, तुला जाऊन वीसेक वर्षं झाली आणि आता मी बायांना शिकवते. बांबूकाम नाही, ते त्यांना येतंच. नवं काही कसं सुचवून घ्यायचं, ते. माझ्यामागे ‘सर्जनशील विचार’ असा फलक लावलेला असतो. तुला वाचता आलं असतं तर पोट धरून हसली असतीस, कारण फलकाखालचं सगळं तुझंच आहे.

तू रोज माझं काहीतरी काढून घ्यायचीस. एक दिवस कोयता, एक दिवस ओल्या पट्ट्या. मी दहा वर्षांची असताना तू चिंधीने माझा उजवा हातच पाठीशी बांधलास. ओसरीवर मी बसलेय, शेंबूड ओठावर आलाय, डाव्या हातातून पट्टी सुटतेय, आणि तू समोर निवांत भात खातेयस. संध्याकाळपर्यंत मी दातांत पट्टी धरून सुपाला एक उलटी वीण घातली. तशी गावात कोणाची नव्हती, तुझीही नव्हती. तू ती निरखून पाहिलीस, पण बाकीचं सूप हुबेहूब तुझ्यासारखं होतं, ते मधोमध कापलंस. म्हणालीस, “माह्यासारखंच करून राह्यली. तसं कराले मी काय मेली का?” मी तुझा फार राग केला. पण हातात सगळं असलं की माणूस कालचंच आज करतो, हे मला तिथेच कळलं. आता शिकवताना मी कोणाचा हात बांधत नाही, नेहमीची वीण तेवढी बंद करते. बाया आधी शिव्या घालतात, मग एकीला काहीतरी सुचतं, तिचं बघून दुसरीला.

गेल्या महिन्यात कुरखेड्याजवळच्या एका गावात होते. ज्या बाईचं सूप सरस ठरेल, तिला माझ्यासोबत शिकवायचं काम मिळणार होतं. तीन दिवस तोंड न उघडलेल्या एका विधवेने सुपाच्या एका बाजूची वीण मुद्दाम विरळ ठेवली. तांदूळ पाखडता पाखडता कणी आपोआप खाली. बाया हरखल्या. मी म्हटलं, “हे सूप आहे की चाळणी? धड एक तरी कर,” आणि सगळ्यांसमोर कोयता चालवला.

ती रडली नाही. “बाई, जिंदगीत पहिल्यांदा मी आपल्या डोक्यानं काई केलं होतं,” एवढंच म्हणाली आणि तुकडे ओच्यात घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी मी बोलावणं पाठवलं, तर निरोप आला, “मले काई सुचत नाई. मी आपली धान कापाले जाते.” ते काम दुसरीला दिलं.

तुझी राख वैनगंगेत गेली, हे पत्र कुठे टाकणार? सूप कापल्यावर बायांना मी सांगितलं की माझ्या आईने मला असंच घडवलं, कडक राहिल्याशिवाय डोकं चालत नाही. साफ खोटं. ते सूप मला कधीच सुचलं नसतं, म्हणून कापलं. आणि कापताना, माय, मला बरं वाटलं.