झाडाखालचा युर्को

झोर्या, सस्कॅचेवान, कॅनडा
१४ डिसेंबर १९६१

ती. पारास्काताई,

धाकट्याचा गुडघाभर बर्फात उभं राहून केलेला नमस्कार घे. माळावरचं ते एकटं पॉपलरचं झाड शेजारचा ओस्टाप वसंतात पाडणार आहे. झाड राहू दे, मी फुकट लग्नाचे फोटो काढून देतो म्हटलं, तर म्हणाला की माझं लग्न होऊन गेलं, आणि पेरणी यंत्राला झाड आडवं येतं. म्हणून तुझ्या हुकमाप्रमाणे त्याचा शेवटचा फोटो काढायला काल मोठा कॅमेरा घेऊन गेलो.

ताई, या कॅमेऱ्याच्या दुधी काचेत सगळं उलटं दिसतं. जन्मभर मी नवऱ्यामुलींना डोक्यावर उभं पाहत आलोय. झाडही बर्फातून खाली लोंबत होतं. पण त्याच्याजवळ एक मुलगा उभा होता, सुलटा. कॅमेऱ्यावरच्या काळ्या कापडातून डोकं बाहेर काढलं तर कुणी नाही. बर्फावर पाऊल नाही. फोटो छापला, सोबत धाडतोय. त्यात नुसतं झाड आहे. हाल्या म्हणते, नवऱ्याला नवा चष्मा हवाय.

लोभ आहेच, काळजी मात्र करू नकोस.

तुझा
दानिलो

विनिपेग
२१ डिसेंबर

चि. दानिलोस,

आशीर्वाद, आणि पाठीत एक धपाटा. काळजी करू नकोस असं लिहिणाऱ्याला आधी मार द्यावा.

आपला भाऊ युर्को नवव्या वर्षी गेला तेव्हा तू पाळण्यात होतास. हरवलेलं वासरू शोधायला गेला आणि वादळ आलं. बर्फ वितळल्यावर त्याच झाडाखाली सापडला, बुंध्याला मिठी मारून. आई म्हणायची, निदान एकटा नव्हता.

तुझं पत्र वाचल्यापासून मला एकच सुचतंय. समोरचं सगळं काचेत उलटं पडतं ना? मग सुलटा दिसला तो समोर नव्हताच. तो तुझ्या पाठीशी उभा असेल. पुन्हा जाऊ नकोस. गेलासच तर वळून पाहू नकोस. हाल्याला सांग, याला दोरीनं बांधून ठेव.

नेहमीसारखीच माया करणारी,
पारास्का

झोर्या
५ जानेवारी १९६२

ती. ताई,

नमस्कार. मी जिवंत आहे हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं बसून वाचशील.

नव्या वर्षाच्या सकाळी पुन्हा गेलो. राहवेना. आभाळ निळंभोर होतं, वाऱ्याची झुळूक नाही. काचेत तो होताच, आणखी जवळ. हात उचलून माझ्या मागे काहीतरी दाखवत होता. फिल्म घातली, तिच्यापुढचं झाकण ओढलं, आणि बटण दाबायच्या आधीच तुझं न ऐकता वळलो.

मागे कुणी नव्हतं. उत्तरेला जमिनीपासून आभाळापर्यंत पांढरी भिंत उभी होती आणि आवाज न करता सरकत येत होती. कॅमेरा तिथेच टाकून ट्रककडे पळालो. घराच्या वाटेला लागेपर्यंत मला माझ्याच ट्रकचं नाक दिसेना. हाल्या फाटकाशी उभी राहून बादली बडवत होती, त्या आवाजावर आलो. तिचे हात अजून सुजलेले आहेत. कापडाखाली आणखी थोडा वेळ रमलो असतो, तर वसंतात मीही सापडलो असतो.

वादळ ओसरल्यावर ओस्टापनं कॅमेरा आणून दिला. आतली फिल्म काल धुतली. कोरी निघेल असं वाटलं होतं.

ताई, तीत झाड नाही. ट्रककडे धावत सुटलेला एक म्हातारा आहे, पाठमोरा. टोपी माझी, कोट माझा. तिथे दुसरं कुणी नव्हतं.

हाल्या तो फोटो घरात ठेवू देत नाही. काय करू, ते कळव.

तुझा
दानिलो

विनिपेग
११ जानेवारी

चि. दानिलो,

पुष्कळ आशीर्वाद. हाल्याच्या हातांना हंसाची चरबी चोळ, आणि तूच चोळ.

फोटो माझ्याकडे धाडून दे. झाड पाडू नकोस म्हणून ओस्टापला मी वेगळं पत्र लिहिलंय. माझं पत्र वाचून नाही म्हणणारा अजून त्या गावात जन्मलेला नाही.

आणि एक सांगते. न विचारता तुझ्या कॅमेऱ्याला हात लावला म्हणून त्याच्यावर रागावू नकोस. नऊ वर्षांचाच आहे तो.

तुम्हा दोघांची,
पारास्का