प्रार्थनेच्या खोलीचा थर्मोस्टॅट

नॉर्मंड,

मी चर्चमध्ये सकाळच्या मिस्सेला जातेय. मटारचं सूप शेगडीवर आहे. आज शुक्रवार, मांस वर्ज्य, म्हणून त्यात हॅम नाही, उगाच ढवळून शोधू नकोस.

दुकानात हीटरचे थर्मोस्टॅट कुठले हवेत ते आज सांगून टाक. स्वयंपाकघराला आणि निजायच्या खोलीला तुला आवडतील ते घे. प्रार्थनेच्या खोलीत दुकानवाल्यांनी वापरून बघायला दिलेला आहे ना, त्याला माणूस हलला तरच खोलीत कुणी आहे असं वाटतं. मी गुडघ्यांवर बसून माळ ओढते, आणि हा शहाणा खोली रिकामी समजून हीटर बंद करतो! तू म्हणालासच, "बाई, देवाला दिसतेस, याला दिसत नाहीस."

काल मधेच डोळे उघडले, तर तू दारात पायजम्यावर उभा, दोन्ही हात पवनचक्कीसारखे फिरवतोयस. मला गार लागू नये म्हणून रोज येतोस, हे ठाऊकच नव्हतं. आपला पोरगा लूक गेला तेव्हापासून तू त्या खोलीकडे फिरकला नव्हतास.

हलण्याबिलण्याकडे न बघणारा साधा थर्मोस्टॅटही मिळतो म्हणे, स्वस्तात. तो घेऊ नकोस. तिथे हाच राहू दे.

आणि उद्या दारात थांबू नकोस, ऊब निघून जाते. आत खुर्ची ठेवलीय. हात बसूनही हलवता येतात.

ऑडेट