अण्णांच्या वहीतली मापं

रविवार, १४ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनींना नमस्कार, पोरांना गोड पापा. आईचा गुडघा कुरकुरतो, पण तोंड सुरू आहे, म्हणजे तब्येत चांगली समजायची.

दुकानातला तुझा हिस्सा सोडल्याचा सही केलेला कागद आणि बँकेची पावती, दोन्ही मिळालं. अण्णांचं उरलेलं सगळं कर्ज तू एका दमात फेडलंस. पावती बघून मी दुकानाच्या पायरीवरच बसले. उपकार म्हटलं की तू चिडतोस, पण आज चीड. दुकान गेलं असतं तर आई आणि मी काय केलं असतं?

लोकांनीही फार सांभाळून घेतलं. कापडवाल्या शेठनी न कापलेले तागे परत घेऊन हिशेबातून वजा केले. बटणवाली तर म्हणाली, "तुझ्या बापाने मला कधी पैशासाठी थांबवलं नाही, आता मी थांबते." वर चहा पिऊन गेली.

राहिली गिऱ्हाइकांची शिवणं. अण्णा गेले तेव्हा अकरा जणांचं कापड फळीवर पडून होतं, आगाऊ पैसे घेतलेले. तेही देणंच की. मी वही उघडली, अण्णांनी लिहिलेल्या मापांनी सगळं कापलं आणि बारा दिवसांत शिवून घरोघर पोचवलं. आईपुढे फुशारकीही मारली. दुसऱ्या दिवसापासून एकेक पँट परत यायला लागली. एकाचं बटण लागेना, एकाला बसता येईना.

आईने कपाळाला हात लावला. "अगं, जुन्या गिऱ्हाइकाला ते पुन्हा टेप लावायचेच नाहीत. पोट सुटलंय हे कुणाला कशाला ऐकवायचं? नुसतं बघायचे आणि कापताना दोन बोटं वाढवायचे. वहीत आपलं जुनंच माप."

इतकी वर्षं मी मशीनवर आणि कात्री त्यांच्या हातात, मला कुठलं माहीत? नशीब, शिवणीत जास्तीची माया सोडायची त्यांची सवय मला लागली होती. सगळ्या पँटी उसवून ढिल्या करून दिल्या.

शेवटी आले बँकेतले काका, आता निवृत्त झालेत. त्यांना लगेच कुठेतरी जायचं होतं, म्हणून टॉवेल गुंडाळून पडद्यामागे बसले आणि मी उसवायला घेतलं. तिथूनच म्हणाले, "अण्णांच्या कर्जाचे कागद मीच केले होते. दादाने फेडलं म्हणे. कशासाठी घेतलं होतं ते त्याला माहीत आहे ना?"

मी खाली मान घालून टाके उसवत राहिले.

दादा, अण्णा पत्ते खेळले नाहीत. एकदाही नाही. ते कर्ज माझ्यासाठी होतं. मैत्रिणीबरोबर तयार कपड्यांच्या दुकानात भागी करू नकोस, बुडशील, असं तू बजावलं होतंस. तुला न सांगता मी केलीच. वर्षभरात ती माल विकून पसार झाली. अण्णांनी आपलं दुकान गहाण टाकून माझी देणी भागवली. दादाला सांगू नका म्हणून मी त्यांचे पाय धरले. तू विचारलंस तेव्हा ते सरळ म्हणाले, पत्त्यांत गेले. मला म्हणाले, "किती दिवस चिडेल? बाप आहे मी त्याचा."

सहा वर्षं, दादा. तू आईला फोन करायचास आणि ते कात्री थांबवून ऐकत बसायचे. उद्या सांगते, उद्या सांगते, असं मी रोज ठरवायचे. आणि तू आलास तो त्यांना शेवटचं पोचवायला.

तू त्यांना जुगारी समजत होतास, तरी त्यांचं नाव राखलंस. याहून मोठं काही मी माझ्या आयुष्यात पाहिलेलं नाही.

तुझा सहीचा कागद याच पाकिटात परत पाठवते आहे. कचेरीत दिलेला नाही. खोट्यावर विश्वासून केलेली सही मला नको. हिस्सा ठेव, विक, तुझी मर्जी. कर्जाचे पैसे दरमहा थोडे थोडे करून पाठवीन, नको म्हणू नकोस.

माझ्यावर हवं तितकं चीड. मला वाईट वाटणार नाही असं लिहिणार होते, पण खोटं आता पुरे. वाटेल, आणि मी सोसेन. अण्णांवरचा राग तेवढा हे वाचून झाल्या झाल्या टाकून दे. शेवटच्या दिवशीही ते तुझी वाट बघत होते, आणि मी शेजारीच बसले होते.

तुझी,
जिच्यापायी त्यांनी तुला गमावलं ती,
टिल्ली