भिंतीवरचे तीन कावळे

शनिवार, संध्याकाळ. प्रसादचा दहावा दिवस.

आज माझ्या भावाच्या पिंडाला कावळा शिवला नाही.

भिंतीवर तीन होते. नुसते बसून राहिले. त्याच्या मनात काहीतरी राहिलंय, म्हणून एकेकाने पुढे होऊन हात जोडले. बाबा म्हणाले, "आईची काळजी करू नको रे." काका म्हणाले, "गावचं घर पडू देणार नाही." मी म्हटलं, "बाबांची औषधं मी बघेन." कावळे ढिम्म.

जोसेफ मागे चपलांपाशी उभा होता. मालाडला प्रसादबरोबर बारा वर्षं संसार केलेला माणूस. शेवटचे चार महिने यानेच त्याला भरवलं, पुसलं. घरात सगळ्यांना माहीत आहे. गेल्या दिवाळीला बाबांनी दोघांना सारखेच सदरे आणले होते. पण आज गावची मंडळी होती. काकूने "हा कोण गं?" विचारलं, तेव्हा मीच म्हटलं, "मित्र."

"जोसेफला आम्ही अंतर देणार नाही." एवढंच तर म्हणायचं होतं. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. दोघांच्याही ओठांवर तेच होतं ना? मग? शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

परतताना गाडीत जोसेफने विचारलं, "ताई, कावळा का नाही आला?"

"आज कावळेच नव्हते रे," मी म्हटलं.

तीन होते. आणि तो त्याच भिंतीला टेकून उभा होता.