घडावरची निळी पिशवी

प्रिय ताई,

अक्षर वेडंवाकडं आहे, हसू नकोस. बाळाला मांडीवर घेऊन लिहितेय. त्याला खाली ठेवायला जीव धजत नाही. तू अजून त्याला पाहिलंही नाहीस. चांगला गुटगुटीत होता गं. पण मधे कितीतरी दिवस नुसता मलूल पडायचा. तोंडाला लाळेची धार, डोळ्यांत पाणी, हातपाय ढिले. दूध ओढायचीही ताकद नाही. मला वाटलं, लेकरू हातचं जातंय.

तुला केळं हातगाडीवर दिसतं, सोललं की खाल्लं. मलाही बागेत आल्यावरच कळलं की याला बी पेरत नाहीत. आईच्या बुडाशी पिल्लं फुटतात. एक ठेवायचं, बाकीची छाटायची. म्हातारा माळी सांगतो, फार पूर्वी कुणीतरी समुद्रापलीकडून पोत्यात चार कंद आणले, ही सगळी बाग त्यांचीच लेकरं. खरंखोटं त्यालाच ठाऊक. घड एकदाच येतो. तो उतरवला की आईला आडवी करतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी पोटुशी होते, भडभडून आलं. सासूबाई म्हणाल्या, झाडासाठी एवढं रडतेस, मी गेल्यावर पूर आणशील की काय!

केळफूल लोंबायला लागलं, फण्या दिसल्या, की शिडीवर चढून घडाला निळी पिशवी घालायची. किडा लागत नाही, डाग पडत नाही. ते काम आम्हा बायकांचं. उरल्यासुरल्या पिशव्या सगळ्याजणी घरी आणतात. लांबलचक, मऊ असतात ना. कुणाच्या खिडकीला, कुणाच्या अंथरुणाखाली. बाळ गादी ओली करायचा, म्हणून मीही त्याच्याखाली घातली.

पण मला संशय आला तो सासूबाईंचा. मी कामावर गेले की बाळ त्यांच्याकडे, आणि संध्याकाळी बघावं तर गुंगीत. झोपवायला काही चाटवत असतील का? मी वाटी हुंगली, चमचा हुंगला. त्यांनी पाहिलं. म्हणाल्या, हुंगून झालं असेल तर घासून ठेव. तरी माझं मन ऐकेना. मी बाळाला शेजारच्या ट्रकवाल्याच्या बायकोकडे ठेवायला लागले. तिच्याकडे दिवसभर तो हसायचा, पाय झाडायचा. आणि रात्र आमच्या गादीवर माझ्या कुशीत काढली की सकाळी पुन्हा तसाच! सासूबाईंनी तर बोटही लावलं नव्हतं. मग मला माझीच भीती वाटायला लागली.

एक दिवस गोदामात गेले तर मुकादम पिशव्यांचा नवा गठ्ठा फोडत होता. हातात मोजे, तोंडाला फडकं. आम्हाला कधी साधी चिंधी दिली नाही बाबाने. मी विचारलं, यात काय असतं? म्हणाला, नुसती पावडर, तू लावतेस तशी. आणि चहा घेण्याआधी कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले. पावडरीला एवढा साबण कशाला गं?

घरी येऊन पिशवी ओढून फेकली, बाळाला खसखसून आंघोळ घातली. हळूहळू तो दूध प्यायला लागला. मी बायकांना सांगितलं, तुमचीही काढा. ते मुकादमाच्या कानावर गेलं. त्या दिवसापासून हे माझ्याशी धड बोलत नाहीत. म्हणतात, तोंड आवर, खोली जाईल, काम जाईल. काल मी कामावरून आले तर बाळ घरीच झोपलेला, आणि त्याच्याखाली निळी पिशवी. नवी कोरी. शेजारीण म्हणाली, तुझ्या नवऱ्यानेच बाळाला नेलं. सासूबाई म्हणतात, पिशवी मी नाही घातली. हे म्हणतात, मी नाही, तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय. आता मी कुणाच्या तोंडाकडे बघू?

म्हणून हे पत्र. शेजारणीचा नवरा घड भरून तुमच्या बाजारात येतो, त्याच्याच हातून पाठवतेय. पुढच्या खेपेला तो मला आणि बाळाला ट्रकमध्ये बसवून तुझ्याकडे आणायला तयार आहे. पाकीट उघडलेलं दिसलं तर उत्तरच देऊ नकोस, मी समजेन. नाहीतर फक्त “ये” एवढं लिहून त्याच्याचजवळ दे, पण तुझ्या हाताने लिही. भाऊजींना आधी विचारू नकोस, मी आल्यावर काय बोलायचं ते बोलतील. मला कोपरा पुरे. बाळाला निजवायला तेवढी एक जुनी चादर काढून ठेव.

तुझीच,
धाकटी