नर्सबेनसमोरच्या गोळ्या

फतेगंज, बडोदे
फेब्रुवारी २०००

सौ. नलिनीस भरपूर आशीर्वाद.

मी बरा आहे, हे आधी वाच. माझा तो खोकला टीबीचा निघाला. रडू नकोस. औषध फुकट मिळतं आणि माणूस साफ बरा होतो. आईला मात्र साधा खोकला होता एवढंच सांग.

दवाखान्यातल्या नर्सबेन भारी खमक्या आहेत. गोळ्या त्यांच्यासमोरच गिळायच्या, वर तोंड उघडून दाखवायचं. खोकला थांबला म्हणून मी दांडी मारली, तर खोलीवर येऊन ओरडल्या, "अधूरी दवा नहीं चाले, भाई!" त्यांच्यापेक्षा तू परवडलीस.

डिंकाचे लाडू संपले. म्हैस व्यायली का?

काल बेननी विचारलं, गावी घरात लहान कोण आहे? दिवाळीत मी रात्रभर खोकायचो आणि आपली अवनी माझ्याच कुशीत झोपायची, ते सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, पोरीला तपासलं का?

तिला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ने. डॉक्टर नसले तर मागच्यासारखी परत फिरू नकोस. ते येईपर्यंत बसून राहा.

उत्तरात पहिल्याच ओळीत लिही, अवनी खोकते का. घरची खुशाली त्यानंतर.

तुझा,
मुकुंद