पूजेतली स्टिक

आबा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. कुसगावच्या अंगाला गोल्फच्या मैदानामागची आपली स्टिका दुरुस्त करायची खोली अजून तशीच आहे. दांडा आवळून धरायचा तुमचा व्हाइस तिथंच आहे, खिडकीही तीच, आणि पावसाळ्यात कोपऱ्यातल्या भिंतीला तशीच ओल येते. फक्त तुमच्या स्टुलावर आता मी बसतो. मिस्त्री म्हणतात मला. तुम्हाला म्हणायचे तसंच. दसऱ्यापासून ती हाक आली की मी मान वर करत नाही.

मी दहावी होऊन परंदवडीहून गवत कापायच्या कामाला आलो होतो आणि तुम्ही मला आत बोलावून घेतलं. पहिल्याच दिवशी एक साहेब स्टिक घेऊन येतात, म्हणतात, हिच्यात काहीतरी वाजतंय. मी लगेच गोंद सोडवायचं गरम हवेचं मशीन उचलतो, तर तुम्ही माझ्या मनगटावर चापट मारता. "आधी ऐक. हात मागनं लाव." मग तुम्ही ती स्टिक कानाशी धरून हलवली आणि मलाही ऐकवलीत. चेंडूवर बसणाऱ्या डोक्याच्या पोकळीत खडा खुळखुळल्यासारखं वाजलं तर आत वाळलेल्या गोंदाचा तुकडा सुटलाय, त्याला भ्यायचं कारण नाही. दांड्यात वर-खाली सरकल्यासारखं वाजलं तर आतलं वजन निखळलंय. आणि आवाज काहीच नसेल, पण जिथं दांडा डोक्यात शिरतो तिथली काळी कडी केसभर वर सरकलेली दिसली, तर तीच खरी आजारी स्टिक, कारण तिचा गोंद आतून मेलेला असतो. साहेब निघून गेल्यावर तुम्ही हळूच म्हणालात, "निम्म्या स्टिका ठणठणीत असत्यात. खेळणाराच ढिला असतो. पर तसं सांगायचं न्हाई, पुसून द्यायची." मी इतका हसलो की बाहेरचे साहेबांच्या बॅगा उचलणारे कॅडी डोकावून गेले.

जोडकाम तुम्ही मला दोन वर्षं करू दिलं नाहीत. दांडा बसतो ती डोक्याची मान आतून तारेच्या ब्रशनं घासायची, दांड्याचं टोक पॉलिश कागदानं खरबरीत करायचं, स्पिरिटनं पुसायचं, दोन ट्यूबांतला गोंद सारखा मिसळायचा, दांडा फिरवत आत बसवायचा. आणि मग वाट बघायची. डब्यावर चोवीस तास लिहिलेलं असतं, पण तुम्ही म्हणायचात, डबा लिहिणारा लोणावळ्याला राह्यलेला न्हाई. हितल्या हवेत दोन दिवस. तोवर दांड्याला, गोंद ओला असल्याची खूण म्हणून, तुमच्या जुन्या धोतराची मळकी चिंधी बांधलेली असायची, आणि ज्यानं गोंद लावला त्यानंच ती सोडायची. सोडल्यावर शेवटची परीक्षा: स्टिकचं डोकं दोन्ही गुडघ्यांत दाबून धरायचं आणि वरून दांडा पिळायचा. एकदा मी ते न करता स्टिक दिली, तेव्हा तुम्ही मैदानापर्यंत चालत जाऊन साहेबाच्या हातातून ती काढून आणलीत. परत आल्यावर आवाज चढवला नाहीत. "डोकं सुटलं की ती गोळी झाली. फुडं कुणाचातरी लेक उभा असतोय," एवढंच बोललात. त्या दिवशी तुम्ही तुमच्या डब्यातली भाकरी मला दिली नाहीत. रोज द्यायचात.

तुमच्या मागं मी ती चिंधी बदलली. मला ती अशुभ वाटायची. मी एकादशी धरणारा, सकाळी भैरोबाला पाणी घातल्याशिवाय खोली न उघडणारा माणूस. त्या जागी मी पूजेची नाडाछडी बांधायला लागलो. लाल-पिवळी, बघायला प्रसन्न. कितीतरी वर्षं काही बिघडलं नाही.

या वेळी खंडेनवमीला सकाळीच एक स्टिक जोडली. पाऊस अजून रेंगाळत होता. तिला नाडाछडी बांधून कोपऱ्यात उभी केली. दुपारी हत्यारांची पूजा. व्हाइस, ब्रश, पकडी, आणि दुरुस्तीला आलेल्या सगळ्या स्टिका भिंतीला लावून ठेवल्या. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडू, आणि सगळ्यांना नाडाछडी. ती कोपऱ्यातली मीच उचलून त्या रांगेत ठेवली. दसऱ्याला सकाळी सातलाच साहेबलोक जमले, सुट्टी होती. मी कात्री घेऊन एकेक दोरा कापत गेलो. त्यात ओल्या गोंदाच्या त्या स्टिकचाही कापला. तरीसुद्धा गुडघ्यात धरली असती तर तिथल्या तिथं कळलं असतं. नाही धरली, तशीच साहेबाच्या हातात दिली. काल पूजा झालेली, कुंकू लागलेली वस्तू दोन पायांत दाबायची कशी, असं मनात आलं. भक्तीनं आलं, आबा, आळसानं नाही. पण एखाद्याचा डोळा गेल्यावर या दोहोंत काय फरक राहतो ते मला कळत नाही.

ज्याचा गेला त्याला तुम्ही ओळखता. वरच्या वाडीतला, माझ्याच वर्षी बॅगा उचलायला लागलेला, तुम्हाला करवंदं आणून द्यायचा तो. पहिल्याच फटक्याला डोकं सुटलं आणि त्याच्या डाव्या डोळ्यावर बसलं. त्याला पुण्याला नेलं. दुपारी मॅनेजरसाहेब ते दोन तुकडे घेऊन माझ्याकडे आले. "मिस्त्री, बघा बरं काय झालंय." मी तुम्ही शिकवलं तसंच बघितलं. मानेच्या आतल्या गोंदावर नख टेकवलं, तर नखाचा वळ उमटला. गोंद ओला होता. साहेबांना मी म्हणालो, "काम पक्कं होतं साहेब. जोरात जमिनीला लागली असणार." ते गेल्यावर मी स्पिरिटचा बोळा घेऊन दोन्ही तुकडे आतून लख्ख पुसले. तसं स्वच्छ काम मी तुमच्यासमोरही कधी केलं नव्हतं.

मग सगळ्यांनी मिळून ठरवलं की तो नियम मोडून चेंडूच्या पुढं उभा होता. त्याचं कॅडीचं काम गेलं. आता मळवलीला एका बंगल्याची राखण करतो. दर मंगळवारी इकडं येतो, माझ्या दारात बसतो, मी चहा देतो. म्हणतो, "एका डोळ्यानं बी तुज्या साहेबांपेक्षा बरा नेम धरीन." आणि हसतो. मीही हसतो. काय करू.

गेल्या मंगळवारी मात्र हसला नाही. कप खाली ठेवून म्हणाला, "मिस्त्री, पयला फटका मारत्यात ती जागा तुज्या खिडकीतनं दिसती ना रं?"

"दिसते."

"मंग खरं सांग. म्या म्होरं व्हतो का? मला काय बी आठवंना. बायकू म्हंती, तुला लय घाई, तूच गेला आसशील."

मी त्या सकाळी खिडकीत नव्हतोच. मैदानाकडं पाठ करून निर्माल्य गोळा करत होतो. मी म्हणालो, "व्हय. दोन पावलं म्होरं होतास."

त्यानं मान हलवली. चेहरा निवळल्यासारखा झाला त्याचा. "मंग बरं हाय. म्हंजी कुणाचं पाप न्हाई त्यात," म्हणाला, आणि राहिलेला चहा पिऊन गेला.

तेव्हापासून देवासमोर हात जोडले जात नाहीत. जोडतो, पण पुढं काही येत नाही. उद्या मंगळवार आहे, तो येईल, मी आधण ठेवीन. सांगितलं तर खोली जाईल, ती गेली तरी चालेल असं रोज सकाळी वाटतं आणि दार उघडेपर्यंत ते वाटणं विरून जातं. हे पत्र त्याच्याच नावानं लिहायला बसलो होतो. पण तो शाळेत कधी गेला नाही, त्याला वाचता येत नाही, त्याला तोंडानंच सांगावं लागेल. म्हणून वर तुमचं नाव घातलं.